जास्त निघालेला चुना

"चौथी शिजवणी. तरी साल सुटत नाही," डेल्फिना म्हणाली. तिने मक्याचा एक दाणा लेकीच्या, यादिराच्या, तळहातावर ठेवला. चुन्याच्या पाण्यात रात्रभर राहूनही साल घट्ट होती.

दारात उभ्या असलेल्या ओर्तेन्सियाबाईंनी मान हलवली. यंदाचा उत्सव त्यांच्याकडे होता. "रागावलेल्या बाईच्या हातचे तामाल शिजत नाहीत, डेल्फिना. जावेशी भांडलीस ना? उद्या दुपारपर्यंत मका सोलला नाही, तर रांधण दुसऱ्या घरी देईन."

बारा वर्षं उत्सवाचे तामाल, म्हणजे पानात बांधून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, डेल्फिनानेच केले होते.

"आई भांडली नव्हती, फक्त खरं बोलली," धाकटा नोए पुटपुटला.

"आई, चुना नवा आहे ना?" यादिराने विचारलं.

"नवाच. सेलेरिनोकाकांनी भट्टीतून काढला, दळून पोत्यात भरला. यंदा भरपूर निघाला म्हणे. देवाची कृपा."

भरपूर? यादिरा थबकली. सुट्टीच्या अभ्यासात वीस रासायनिक समीकरणं तोलायची होती. त्यातलं तिसरं कालच झालं होतं:

CaCO₃ → CaO + CO₂

शाळेतल्या बाईंनी प्रत्येकाखाली वजनही लिहायला लावलं होतं. शंभर किलो चुनखडी भाजली की छप्पन किलो चुना उरतो. बाकीचे चव्वेचाळीस किलो वायू होऊन उडून जातात.

ती नोएला घेऊन काकांच्या भट्टीवर गेली. भिंतीवर कोळशाने आकडे लिहिलेले होते. आत हजार किलो. बाहेर आठशे नव्वद.

"जास्त निघाला, मग चांगलंच की," नोए म्हणाला.

"चांगलं कसलं? चारशे चाळीस किलो उडायला हवे होते, उडाले एकशे दहा. पावच. म्हणजे पाऊण दगड कच्चा आहे. काकांनी एक तर दगड मिसळला, नाहीतर आग विझू दिली."

नोए विचारात पडला. "मंगळवारी भट्टी पेटलेली होती ना? पण त्या दिवशी चौकात ट्युबा वाजत होता. मी ऐकला. गावात ट्युबा काकांशिवाय कोण वाजवतं?"

सेलेरिनोकाका अंगणात तोच ट्युबा, भलंमोठं पितळी वाद्य, पुसत बसले होते. "काय रे वटवाघळांनो, माझ्या भट्टीत काय हुंगत होता?"

"शाळेसाठी चुना पाण्यात उकळताना बघायचाय, काका," यादिरा साळसूदपणे म्हणाली. "ओर्तेन्सियाबाईही येताहेत."

काका खूश झाले. बाई येताच त्यांनी न दळलेले चार खडे बादलीत टाकले. एक फसफसून फुटला, त्यातून वाफ निघाली. बाकीचे तीन तळाशी जाऊन बसले. काकांनी काठीने ढोसलं. खडे ढिम्म.

यादिराने एक बाहेर काढून फोडला आणि आतल्या करड्या भागावर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. "हा वायू भट्टीतच उडायला हवा होता, काका."

"मंगळवारी कुठे होतास, सेलेरिनो?" ओर्तेन्सियाबाईंनी शांतपणे विचारलं.

"जरा बँडच्या तालमीला," काका म्हणाले. "लाकडं भरपूर घालून गेलो होतो."

त्या संध्याकाळी काकांनी उरलेला एकेक खडा पाण्याचा थेंब टाकून तपासला. फसफसेल तेवढाच घेतला. त्या चुन्यात डेल्फिनाने मका पुन्हा शिजवून रात्रभर ठेवला. सकाळी डेल्फिनाच्या अंगठ्याखाली मक्याची साल अलगद सुटली.

"चुकले मी," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला उगाच बोल लावला. पोरं मात्र हुशार निघाली हो तुझी."

"आता मात्र मी खरंच रागावलेय," डेल्फिना पिठात हात घालत म्हणाली. "बघू या, शिजतात का."

तामाल एकूण एक शिजले.