ओढ्यावरची हाक

हर्लिंडाने खोटं नाव सांगितलं ते आईच्याच सांगण्यावरून. "एकटी हिंडायला निघालीस, तर अनोळखी माणसाला खरं नाव सांगायचं नाही," असं आईने पुएब्लाच्या बसस्टँडवर तीनदा बजावलं होतं. त्यामुळे ओआहाकाच्या बसमध्ये शेजारच्या मुलीने नाव विचारलं, तेव्हा हिच्या तोंडून "कार्ला" निघालं. बाहेर एका दुकानाच्या पाटीवर ते नाव होतं, एवढंच.

ती शेजारची मुलगी दालिया, आणि खिडकीपाशी तिचा भाऊ फेर्मिन. दोघं वेराक्रूसचे, पाठीवर सॅक टाकून डोंगरातली गावं पायी फिरायला निघालेले. दोन दिवसांत तिघांचं असं काही जमलं की जेवणसुद्धा एका डब्यातलं होऊ लागलं. दालियाने आपल्या मोडलेल्या लग्नाची कहाणी ऐकवली, फेर्मिनने आपले कोरडे मोजे हिला दिले. इतक्या भल्या माणसांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं? हर्लिंडा ते रोज उद्यावर ढकलत होती.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ओढा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला आणि ती कमरेपर्यंत पाण्यात बसली. लागलं काहीच नाही, पण घाबरली सपाटून. फेर्मिनने तिला ओढून काठावर आणलं. मग त्याने एक हिरवी डहाळी तोडली आणि हर्लिंडा पडली होती त्या दगडावर तीनदा आपटली.

"कार्ला, चल गं. इथं राहू नकोस. चल आमच्याबरोबर."

"झालं का मांत्रिकबुवा?" दालियाने विचारलं.

"हसू नकोस. घाबरलेल्या माणसाचा जीव पडल्या जागी बसून राहतो. हाक मारून न्यावा लागतो."

हर्लिंडाला हे नवं नव्हतं. लहानपणी ती झाडावरून पडली, तेव्हा आईनेही तिला अशीच हाक मारून घरी नेली होती. हाक बाप्तिस्म्याच्या नावानेच मारायची असते, हेही तिला ठाऊक होतं. सांगून टाकावं असं फार वाटलं, पण लाज आडवी आली. शिकल्यासवरल्या मुलीने असल्या गोष्टींचा किती बाऊ करायचा, असं मनाशी म्हणत तिने सॅक उचलली.

वरचं गाव अर्ध्या तासावर होतं. चढण उभी, ऊन पाठीवर. पण तिला घाम येईना. मोजे बदलले होते, तरी पावलांवरून पाणी वाहत असल्यासारखं वाटत होतं. ती सारखी मागे वळून पाहू लागली.

"काय बघतेस?" दालियाने विचारलं.

"आपलं काही राहिलं का तिथं?"

"सगळं तर आणलंय."

गावात क्रेसेन्सिया आजीची खानावळ होती आणि गावातला एकुलता एक फोनही तिच्याच भिंतीवर होता. आजीने कॉफीचा पेला पुढे केला, आणि हाताला हात लागताच ती थबकली.

"ही पडली का कुठं?"

"ओढ्यात, आजी," फेर्मिन म्हणाला. "पण हाक मारून आणलीय मी."

"कुठल्या नावानं?"

"कार्ला."

आजीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "बाप्तिस्म्याचं नाव हेच का, पोरी? नसलं तर आत्ता सांग. पाण्यावरचं ऊन जायच्या आत परत जाऊन हाक मारता येईल. नंतर जमत नाही."

लाज आता गेली खड्ड्यात. "नाही, आजी. मी खोटं सांगितलं. माझं खरं नाव…"

ती थांबली. नाव आठवेना.

"सांग ना गं," दालिया म्हणाली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. फेर्मिन बूट घालून दारात उभा राहिला.

ओळखपत्र पँटच्या खिशात असायचं. खिसा ओला आणि रिकामा होता.

घरचा नंबर तेवढा बोटांना पाठ होता. पहिल्याच घंटेला आईने फोन उचलला.

"आई, माझं नाव काय? लवकर सांग."

"कोण बोलतंय?"

"मी गं. तुझी मुलगी."

"थट्टा करता का, बाई? माझ्या मुलीचा आत्ताच फोन येऊन गेला. ओढ्याकाठी बसलीय म्हणाली. बरोबरची माणसं दुसरीलाच घेऊन गेली म्हणाली."

ओढ्यावर रेंज नव्हती. दिवसभर कुणाच्याच मोबाइलला नव्हती.

"तिचं नाव सांगा," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. नुसतं नाव."



"अनोळखी माणसाला मी नाव सांगत नाही," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

आजीने दाराबाहेर पाहिलं. खोऱ्यातलं ऊन गेलं होतं. तिने फेर्मिनला आत घेतलं, दार लोटलं आणि चुलीवरच्या मक्याच्या भाकऱ्या ताटात वाढल्या.

"जेवून घे, कार्ला."

"आले," कार्ला म्हणाली. तिला एकदम सडकून भूक लागली होती.