सोडलेलं दूध

डॉक्टर विद्याश्रीची नजर हातातल्या अहवालावरून हलेना, आणि समोरच्या स्टुलावर बसलेल्या कृष्णातला आपले रुंद खांदे कुठं ठेवावेत, ते कळेना. खिडकीबाहेर अठ्ठ्याण्णवच्या श्रावणातली सर मध्येच थबकली होती...

"नापास झालो व्हय, मॅडम?"

"कोलेस्टेरॉल इतकं उतरलंय, की विश्वास बसत नाही."

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या मेथी आणि अर्जुनसालीच्या गोळीवर तिचा प्रबंध होता. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या कोंड्याची; कुणाला कुठली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. 'मेथीवाली' म्हणून विभागात तिची थट्टा चाले. वडिलांना तपासणीला घेऊन आलेल्या या जुन्या पैलवानानं गंमत म्हणून रक्त दिलं, आणि दोष निघाला तो त्याच्याच रक्तात! तेव्हापासून दर भेटीला तो कडक इस्त्रीचा सदरा घालून येई, आणि ती, उगीचच, चष्मा पुसत राही.

"खाणंपिणं नेहमीचंच ना?"

"तसं... गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तेवढं बंद केलंय की."

"बंद? अहो, आहारात काही बदलू नका, म्हणून किती बजावलं होतं!"

"म्हशीखालनं काढलेल्या दुधाचा तांब्या रोज तोंडाला लावणारा गडी मी. म्हटलं, आपल्या दुधापायी तुमची गोळी हराय नको."

"गोळीला जिंकवायचं नव्हतं हो! ती खरंच लढते का, ते बघायचं होतं."

तो वरमला. "मग... मी बोललोच न्हाय, असं समजा."

उद्या कुणाला कुठली गोळी ते उघडून विभागप्रमुखांपुढे आकडे ठेवायचे होते. त्यांतला हा सर्वांत देखणा. गप्प राहिलं आणि त्याची गोळी खरी निघाली, की थट्टेला कायमचं उत्तर. तिनं पेन उचललं आणि त्याच्या नावापुढं सावकाश लिहिलं : आहार बदलला, वगळावे. आपल्याच हातानं आपला सर्वांत उजळ दिवा मालवतानाही मान इतकी ताठ राहते, हे तिला नव्यानंच उमगलं.

"असला उसना विजय मला नको."

"वा रं गडी!" त्याच्या तोंडून निसटलं. मग जीभ चावून म्हणाला, "म्हंजे... मॅडम."

ती हसली. चष्मा काढून, पुसायचं विसरून, त्याच्याकडं बघत राहिली.

"आता तुम्ही माझ्या चाचणीत नाही. मग... आता माझे कोण?"

ज्याच्या हाळीनं तालमीवरची कबुतरं उडत, तो कृष्णात कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. तो उठला, दाराच्या चौकटीला धडकला, आणि बाहेर पडला. पण त्या लांब व्हरांड्यातून तो चालला, तो मैदान मारलेल्या पैलवानासारखा... छाती काढून.