बदामावरचा मामा

दिवा असाच मंद राहू दे. त्या दिवशी मी नाशिक रोडला मामीकडे गेले होते, ती फक्त एका झाडासाठी रदबदली करायला.

मी परदेशात वटवाघळांवर शिकून आले आहे. ती बिया पसरवतात, रानं उभी करतात, हे भेटेल त्याला सांगते. उज्वलामामीच्या अंगणातल्या देशी बदामावर ती रोज येत आणि त्यांनी टाकलेल्या चोथ्याने वाळत घातलेले कपडे डागाळत. मामी विटली होती. झाड तोडायची पालिकेची परवानगीही आली होती. दुसऱ्या दिवशी संतोष करवत घेऊन येणार होता.

नेमकी त्याच दिवशी गंगाधरमामाची पितृपक्षातली पहिली तिथी. मामीने पान वाढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, पण दुपार टळली तरी कावळा शिवेना. जिवंतपणीही चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत, असं ती म्हणाली.

दिवेलागण झाली. वारा पडला. पिकल्या बदामांचा आंबूस वास अंगणात साचून राहिला. आम्ही ओट्यावर बसलो होतो, आणि डोक्यावरच्या पत्र्यावर... टण्ण. मग काहीतरी गडगडत गेलं. मग अंधारातून एक ओला गोळा मामीच्या पायाशी पडला. चावून, चोखून टाकलेला.

"आलात का?" मामीने हलकेच विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला, तरी शिक्षण गप्प बसू देईना. "मामी, वटवाघूळ आहे ते. फळ टाळूवर दाबून रस पितं आणि चोथा थुंकतं. बाठा पत्र्यावर टाकतं."

"कवळी हरवल्यापासून हेही तसंच खायचे," मामी कुजबुजली. "आणि थुंकायचेही असेच... माझ्या पायाशी. आता झाड कसं तोडू?"

"पण हा मामा नाही गं..."

"नाही? मग येऊ दे संतोषला."

वर पंख फडफडले. खरं ते ठणकावून सांगायला मी सातासमुद्रापार शिकले होते.

"मामाच असेल," मी म्हणाले.

मामीने तिथल्या तिथे संतोषला फोन करून नको म्हणून कळवलं. मी पान उचलायला भिंतीपाशी गेले. केळं गायब होतं, ते ठीकच. साखरभातही संपला होता. मांजर असेल... पण त्यातल्या लवंगा तेवढ्या पानाच्या कडेला ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

मामीने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "अजून लवंगा काढूनच ठेवतात," एवढंच म्हणाली.

वटवाघळं काय खातात, ते मला कधीही विचारा. काय काढून ठेवतात, ते मात्र नको.