मग तू कशी आलीस?

"चार दिवस मला तुझं तोंडसुद्धा दाखवू नकोस!" सासूबाई पलंगावरून ओरडल्या आणि थोरल्या सुनेच्या हातातला औषधांचा डबा तसाच अधांतरी राहिला...

बोलणी तिला नवी नव्हती. चहा गार झाला म्हणून, उशी उंच झाली म्हणून, पडदा वेळेवर ओढला नाही म्हणून, नऊ वर्षांत तिने उठता-बसता बोलणी खाल्ली होती. पण 'इथून जा' हे शब्द त्या घरात तिला कधी कोणी ऐकवले नव्हते. सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली त्या दिवसापासून थोरली आणि तो पलंग यांची जणू गाठच बांधली गेली होती.

"पण आई, तुम्हाला कुशीवर कोण वळवणार?"

"ही सिस्टर काय शोभेला आणलीय?" सासूबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या नव्या परिचारिकेकडे बोट केलं. जन्मभर लहान मुलांना गणित शिकवलेल्या बाई त्या. अर्धं अंग गेलं तरी जिभेची छडी शाबूत होती. "धाकट्याने एवढा खर्च करून सगळ्यांना बेटावर न्यायचं ठरवलंय. जा, पाण्यात उतर, मासे बघ आणि मला येऊन सांग. एवढा गृहपाठ जमणार नसेल तर परतच येऊ नकोस!"

परिचारिका काहीतरी सांगायला पुढे सरली, पण सासूबाईंनी डोळे वटारले तशी ती मुकाट्याने मागे झाली. थोरलीने डबा खाली ठेवला. माझं काय चुकलं? कुठे कमी पडले मी? विचारावंसं वाटलं, पण ती बॅग भरायला वळली.

उत्तर तिला विमानात मिळालं. निदान तिला तसं वाटलं.

"जाऊबाई, तुम्हाला सांगायचंच राहिलं," धाकटी जाऊ सहज बोलावं तसं बोलली, "सिस्टर आता कायमच ठेवायची म्हणतायत हे. म्हणजे तुमची सुटका!"

सुटका! खिडकीबाहेर पांढरेशुभ्र ढग पसरले होते आणि थोरलीच्या मनात मात्र अंधारून आलं होतं. ना मूल, ना नोकरी, ना माहेरचा आधार... त्या घरात तिची म्हणून एकच जागा होती, त्या पलंगाच्या उशाशी. ती जागाच दुसरीला दिली, तर मग आपण त्या घरात कोण? कैदेतून सुटल्याचा आनंद मानावा की घरातून काढल्याचं दुःख करावं, तिला काही केल्या उमगेना. शेजारी नवरा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याला उठवून विचारावं असंही तिला वाटलं नाही.

बेटावरचं ते हॉटेल म्हणजे झावळ्यांच्या छपरांच्या छोट्या छोट्या खोल्या होत्या, आणि दार उघडलं की थेट निळं पाणी. पहिल्या दुपारी सगळ्यांना उथळ तलावात शिकवणीला उतरवलं. प्रशिक्षक रापलेल्या चेहऱ्याचा, शांत माणूस होता. पुतणीच्या शंका संपत नव्हत्या आणि तोही न कंटाळता उत्तरं देत होता.

"काका, वर आल्यावर लगेच विमानात का बसायचं नाही?"

"सोड्याची बाटली पाहिलीयस ना? झाकण बंद असतं तोवर आतलं पाणी कसं शांत असतं. आणि एकदम उघडलं की?"

"फसफसतं!"

"शाबास! खोल पाण्यात हवा आपल्या अंगात मुरते. ती सावकाश बाहेर पडू द्यायची असते. लगेच विमानात बसून उंच गेलं, तर बाटलीचं झाकण एकदम उघडल्यासारखं होतं. जिवावर बेतू शकतं. म्हणून बुडी मारली की पुढे पूर्ण एक दिवस विमानात बसायचं नाही."

मग थोरलीची पाळी आली. तोंडात नळी धरून तिने घाबरत घाबरत डोकं पाण्याखाली नेलं... आणि सगळं जग एकाएकी गप्प झालं! फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आत... बाहेर... आत... बाहेर. कोणी 'अगं ए' म्हणत नव्हतं, कोणी पाणी मागत नव्हतं. ती वर आली तेव्हा डोळे भरून आले होते, पण ओल्या चेहऱ्यावर ते कोणाला कळणार?

"फार छान!" प्रशिक्षक म्हणाला. "घाईने श्वास घेत नाही तुम्ही. उद्या समुद्रात मजा येईल तुम्हाला."

कितीतरी वर्षांनी 'उद्या' या शब्दाने तिच्या मनात गोड हुरहूर लावली. परत गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते ठेवलंय. पण उद्याचा दिवस आपला!

सकाळी पहिल्या बोटीने नवरा आणि दीर गेले. दुसरी बोट सुटणार तोच प्रशिक्षक ओशाळून आला.

"आमच्या एका सहकाऱ्याला रात्रीतून सर्दी झालीय. चोंदलेल्या कानांनी खोल जाता येत नाही. नवख्या माणसाबरोबर एकेक शिकवणारा लागतोच, त्यामुळे तुमच्यातलं एक जण कमी करावं लागेल. उद्या समुद्र खवळणार आहे, तेव्हा उद्याचं वचन देत नाही."

जाऊने अंगातला घट्ट काळा पोशाख ओढून सारखा केला. पुतणीने आईचा हात धरला आणि खालचा ओठ बाहेर काढला. कोणी थोरलीकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती.

"मी राहते," थोरली म्हणाली.

"अय्या, खरंच का? तुम्हाला तशीही भीतीच वाटत असेल ना?" जाऊ म्हणाली.

"मोठी काकू, मी तुला सगळे मासे सांगीन हं!"

भीती? थोरलीला हसावं की रडावं ते कळेना. तिने पाठीवर चढवलेले पट्टे एकेक करून सोडले. बोटीत मागच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या, टॉवेल आणि चपला घेऊन ती बसली. आपणच का मागे राहिलो, हे तिलाही सांगता आलं नसतं. शब्द आपोआप तोंडातून निघाले होते, इतकंच.

दुपारी सगळी जेवायला बसली. पुतणी घास तोंडात ठेवून माशांचं वर्णन करत होती, तोच दिराचा फोन वाजला. परिचारिका होती. सासूबाईंना असह्य पोटदुखी सुरू झाली म्हणून इस्पितळात नेलं होतं. पित्ताशय पिकलं होतं. उद्या सकाळी शस्त्रक्रिया करावीच लागणार होती, आणि या वयात, या अंगाने, ती अवघड होती. घरचं माणूस तातडीने हवं होतं.

"तीनचं विमान आहे. मी निघतो!" दीर ताटावरून उठला.

"आज नाही, साहेब," शेजारच्या टेबलावरून प्रशिक्षक म्हणाला. "तुम्ही पाण्यातून वर येऊन तीन तास नाही झाले."

"अहो, आई आहे माझी ती!"

"म्हणूनच सांगतो. त्यांना धडधाकट मुलगा हवाय."

दीर मटकन खाली बसला. जाऊ रडू लागली. मग थोरली हळूच म्हणाली, "मी जाते."

"वेडी आहेस का? तूही तर आज..." नवरा बोलता बोलता थांबला. त्याने बायकोच्या कोरड्या केसांकडे पाहिलं. "तू... उतरली नव्हतीस?"

सकाळपासून आतापर्यंत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! थोरलीने मान हलवली. नवऱ्याचा चेहरा असा काही पडला की तिलाच त्याची दया आली. धक्क्यापर्यंत तो तिची बॅग घेऊन आला.

सबंध प्रवासभर तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. 'तोंड दाखवू नकोस' म्हणाल्या होत्या. दोनच दिवसांत मी तोंड दाखवायला निघाले! मला पाहून त्यांना बरं वाटेल की संताप येईल? आणि मी तरी का धावतेय, ज्या पलंगाजवळची जागा आता माझी उरलीच नाही तिकडे?... कशाचाच उलगडा होत नव्हता.

सासूबाई औषधांच्या गुंगीत होत्या. थोरली रात्रभर बाकावर ताटकळत बसून राहिली. सकाळी शस्त्रक्रिया झाली, निभावलं, आणि दुपार कलल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले.

"आलीस होय?" आवाज खोल गेला होता, पण धार तीच. "मासे बघितलेस?"

थोरली अडखळली. खरं सांगितलं तर या अवस्थेत नसता मनस्ताप! "हो आई. पिवळे होते, निळ्या पट्ट्यांचे. एक तर अगदी पोपटासारखा, चोच असलेला... दगड कुरतडत होता." पुतणीने सांगितलेलं सगळं तिने सांगितलं.

सासूबाईंनी समाधानाने डोळे मिटले. "चला... पोट आवळून धरल्याचं चीज झालं."

"म्हणजे?"

उत्तर परिचारिकेने दिलं. आता तिलाही राहवेना. "ताई, तुम्ही निघायच्या आदल्या दिवसापासूनच दुखत होतं त्यांना. मी सांगणार होते, पण त्यांनी शपथच घातली. म्हणाल्या, हिला कळलं तर ही जायची नाही."

तो संताप, ते हाकलणं... ते सगळं माझ्यासाठी होतं? तिला हुंदका आवरेना. आता तर ते खोटं प्राणपणाने सांभाळायला हवं होतं! इतक्यात उशाजवळचा फोन वाजला. परिचारिकेने तो सासूबाईंच्या उजव्या कानाला लावला. दिराचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आई! कशी आहेस गं? आम्ही संध्याकाळच्या विमानाने निघतोय. कालच निघालो असतो, पण पाण्यात बुडी मारली की एक दिवस विमानात बसायचं नसतं. जिवाला धोका असतो. आम्ही सगळेच उतरलो होतो ना..."

सासूबाईंनी "बरं" म्हणून फोन बाजूला करायला लावला. मग त्यांची नजर सावकाश थोरलीवर येऊन खिळली.

"मग तू कशी आलीस?"

थोरली पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"टाळू नकोस, वर बघ. जो पाण्यात उतरला त्याला काल विमानात बसता येत नव्हतं. तू बसलीस. म्हणजे काय?"

"म्हणजे... मी उतरले नाही."

"का?"

"शिकवणारा आजारी पडला. एक जण कमी करायचं होतं."

"आणि कमी करायला दुसरं कोणीच नव्हतं?"

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर सांडलं. एवढ्या वर्षांत, अंग लुळं पडलं त्या दिवशीसुद्धा, थोरलीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"त्यांना बोल लावून काय उपयोग? मीच शिकवलं सगळ्यांना. घरात काही जमेना झालं की हिला वजा करा, जमतं!"

"असं नका बोलू, आई..." आणि मग थोरलीलाही आवरलं नाही. छातीत साठलेलं सगळं शब्दांतून बाहेर पडलं. "पण ती सिस्टर कायमची ठेवणार आहात ना? मग मी कोण तुमची? कुठे बसायचं मी त्या घरात?"

"मीच सांगितलं धाकट्याला, ठेव म्हणून."

"का? माझं काय चुकलं?"

"अगं खुळे, नऊ वर्षं माझ्या उशाशी उभी आहेस तू. घटकाभर बसलीयस कधी? माझ्याशी दोन गोष्टी बोललीयस? मला सून हवी आहे गं... नोकर तर पैसे टाकून मिळतो!"

"मग हे गोड शब्दांत नाही का सांगायचं?"

"गोड बोलले असते तर तू गेली असतीस?"

थोरलीने विचार केला. "नसते गेले."

"मग!"

थोरली रडता रडता थांबली. "पण आई, तुम्ही दुखणं लपवलंत मी पाण्यात उतरावं म्हणून. आणि मी उतरले असते तर काल इथे कोणीच नसतं. मग नक्की बरोबर कोण वागलं?"

सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवत मनातल्या मनात काही मांडून पाहिलं, आणि अखेर मान हलवली. "दोघीही नापास!" त्या हसल्या, टाके दुखले तशा कळवळल्या आणि पुन्हा हसल्या. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि थोरलीचा हात घट्ट धरला. "आता खरं सांग. ती सगळी पाण्यात होती तेव्हा तू बोटीवर काय केलंस?"

थोरली लाजली. "झोपले."

"झोपलीस?"

"बोट हलत होती, ऊन अंगावर येत होतं... चपलांच्या ढिगाला टेकले आणि डोळा लागला. कोणी हाकच मारली नाही. जागी झाले ना, तर कुठे आहे तेच कळेना. इतकं बरं वाटलं, आई, की भीतीच वाटली..."

सासूबाईंनी तिचा हात सोडला. "ती खुर्ची ओढ इकडे," त्या म्हणाल्या. "बस. अशी नाही, काठावर नाही, नीट मागे टेकून."

ती बसली. रात्रभराचं जागरण, दोन दिवसांचा प्रवास... पापण्या जड झाल्या. कुठूनतरी लांबून परिचारिकेचं आणि सासूबाईंचं बोलणं कानावर येत होतं.

"आजी, कुशीवर वळायची वेळ झाली. सूनबाईंना उठवते, त्यांना तुमची सवय आहे."

"श्श! तुला हात नाहीत का? मी सांगते तसं वळव. आणि हळू, ती झोपलीय."

उठावं की उठू नये? नऊ वर्षांच्या सवयीने थोरलीचं मन धडपडलं, पाय मात्र जागचे हलेनात. हे बरोबर की चूक, तिला काही ठरवता येईना. आणि ते ठरायच्या आधीच तिला गाढ झोप लागली.