अकरावं प्रकरण

"दार! अहो, दार लावा आधी!"

मी ओरडले तोवर उशीर झाला होता. टेबलावर वाळत घातलेली पानं वाऱ्याबरोबर उठली आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर, खांद्यावर जाऊन बसली. एक तर थेट तोंडावर बसलं. ओलसर होतं. चिकटलं.

त्याने ते दोन बोटांनी कडेला धरून हळूच सोडवलं... काच धरावी तसं. म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

"आता आलाच आहात तर गोळा करू लागा."

तो मुकाट्याने गुडघ्यांवर बसला. तो खिडकीकडून, मी कपाटाकडून, अशी पानं उचलत आम्ही टेबलाखाली समोरासमोर आलो. तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मी मनात म्हटलं, झालं! पण तो म्हणाला, "तुम्ही डोळे फार बारीक करता. डोकं किती दिवस दुखतंय?"

"छे, कुठे काय!"

दुखत होतं. चार महिने दुखत होतं. पण पुस्तकं शिवून पोट भरणाऱ्या बाईने डोळ्यांचं रडगाणं गायलं, तर तिच्या हाती सुई कोण देईल?

माझं उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. मला वाटलं, आपण काही लागेल असं बोललो की काय.

तो चष्मेवाला होता. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. आमच्या बांधणीच्या दुकानात तो एक जुनं पुस्तक घेऊन आला होता, रुमालात गुंडाळलेलं. नाव होतं 'कुलस्त्रीची वागणूक'. स्त्रीने कसं चालावं, कसं बघावं, किती बोलावं, सगळं छापलेलं. पाठ मोडलेली, दोरा कुजलेला.

"आमच्या घरात सासू सुनेला देते," तो म्हणाला. "पणजीपासून. आईला ते नीट करून हवंय."

"म्हणजे सून यायची आहे?"

"येऊन गेली." त्याने रुमालाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मी पुस्तक माझ्याकडे ओढून घेतलं.

तो गेल्यावर मी पुस्तक तपासलं. पूर्वी छापखान्यातून मोठा कागद घड्या घालून यायचा, आणि पुस्तक घेणाऱ्याने घड्यांच्या कडा सुरीने कापत कापत वाचायचं. जे वाचलं नाही ते मिटलेलंच राहायचं. या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं उघडलेली होती. ती कुणीतरी केसांच्या आकड्याने ओढून उघडली असावी, कडा इतक्या खरबरीत होत्या. पाचव्या प्रकरणापासून शेवटापर्यंत मात्र सगळी पानं मिटलेली. इतक्या सुनांच्या हातून गेलेलं पुस्तक, आणि कुणी ते पुरतं उघडलंसुद्धा नव्हतं! मी एकटीच हसले.

तीन दिवसांनी तो आला. "झालं का?"

"पुस्तक आहे ते, फुलका नाही. बसा."

तो बसला. माझ्या हाताला खळ लागलेली होती, म्हणून समोरचं सुटं पान त्यानेच वाचायला घेतलं. "'कुलस्त्रीने चालतेसमयी पावलांचा ध्वनी होऊ देऊ नये.'"

"मग मांजरच करा की सून!" आतून काका ओरडले. काका म्हणजे आमचे मालक, कानाने अधू. त्यांना कामाचं काही ऐकू येत नाही, एवढंच.

"'परपुरुषाकडे मान वर करून पाहू नये.'" तो थांबला. "माझा धंदाच बुडाला. माझ्याकडे येणारीला मी आधी सांगतो, मान वर करा, माझ्या उजव्या कानाकडे बघा."

"कानाकडेच का?"

"डोळ्यांत बघितलं की लोक लाजतात. मग नंबर चुकतो."

मी त्याच्या उजव्या कानाकडे बघितलं. कान लाल झाला होता.

मग तो येतच राहिला. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. चौथं प्रकरण हसण्याविषयी होतं आणि ते वाचताना आम्ही हसून हसून बेजार झालो. त्या पानांवर चहाचा एक जुना डाग होता, आणि पुस्तकातली सगळ्यात मळलेली पानं तीच होती. चार प्रकरणं संपली तसं मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आता तो काय वाचणार? कशाला येणार?

इथेच माझ्या हातून चूक झाली.

मिटलेलं जुनं पुस्तक आलं, की आधी ज्याचं पुस्तक त्याला दाखवायचं, विचारायचं, मग पान पान सुरीने उघडायचं. काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. पण मला घाई झाली होती. पुढची प्रकरणं वाचून तो कसा हसेल, ते बघायची घाई. मी पुस्तक कटरमध्ये धरलं आणि तिन्ही बाजूंनी कडा उडवल्या. सगळी पानं एकसारखी उघडी, गुळगुळीत. मग शिवलं, आणि त्याची वाट बघत बसले.

तो आला. पुस्तक हातात घेऊन त्याने अनुक्रमणिका बघितली आणि मधलं काहीएक न वाचता अकरावं प्रकरण काढलं. दुखण्याविषयी.

"'दुखणे आले असता ते अंगावर काढावे. पतीस सांगून त्याच्या चित्तास क्लेश देऊ नयेत...'"

तो हसला नाही. 

"हेच," तो म्हणाला. "मला माहीत होतं यात हे असणार. रोज दुपारी हे पुस्तक तोंडासमोर धरून बसायची ती. पोटात दुखत होतं तिला, सहा महिने. मला एका शब्दाने बोलली नाही. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, आणि घरी... आईने दिलं हे तिला. आईने. दोन वर्षं मी आईशी धड बोललो नाही. उगाच नव्हतं ते."

त्याच्या आवाजात राग होता आणि रागाखाली सुटका होती. इतक्या दिवसांनी गुन्हेगार सापडला होता. मी गप्प बसले असते तर तो तसाच निवांत घरी गेला असता. आणि उद्या परत आला असता, माझ्याकडे.

"तिने हे वाचलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय?"

"हे पान मिटलेलं होतं. पाचव्या प्रकरणापासून सगळीच पानं मिटलेली होती. कधी कुणी उघडलीच नाहीत."

त्याने पुस्तक माझ्यासमोर धरलं. "ही तर सगळी उघडी आहेत."

"मी कापली. काल. तुम्हाला न विचारता."

"का?"

का ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी खाली बघितलं. त्या पुस्तकातली बाई बघते तशी.

"माझं समाधान करायला बोलताय," तो म्हणाला. पुस्तक टेबलावरच ठेवून तो निघून गेला. जाताना दार मात्र अगदी नीट लावून घेतलं. त्याचंच मला जास्त रडू आलं.

काका येऊन उभे राहिले. "कटर का लावलास, ते विचारत नाही. मला दिसतंय. पण कात्रणं कुठे टाकलीस?"

मी ताडकन उठले. काका कात्रणं भिजवून त्यांचे पुठ्ठे करतात. "काका, टबात पाणी घातलं?"

"नाही अजून. काढ बाहेर."

उघडलेल्या पानाची कात्रणं सुटी पडतात. मिटलेल्या पानांची घडीत जोडलेलीच राहतात, दुपदरी. टबाशी बसून मी ती एकेक करून निवडली. सुटी निघाली ती पहिल्या चार प्रकरणांपुरतीच. बाकीची सगळी दुपदरी. मी दोन जुड्या बांधल्या, पुस्तक घेतलं आणि त्याच्या दुकानात गेले.

मागच्या दाराशी त्याची आई जुन्या चष्म्यांच्या काचा पुसत बसली होती. दोघांत चार पावलांचं अंतर, आणि बोलणं काही नाही. मी जुड्या त्याच्यासमोर ठेवल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. भिंग लावून बघा."

त्याने भिंग डोळ्याला लावलं. एक कात्रण बघितलं, दुसरं बघितलं. दहाव्या-बाराव्यानंतर तो ती नुसती बोटांतून सोडत राहिला.

"घडी शाबूत आहे," तो शेवटी म्हणाला.

"कसली घडी रे?" आईने विचारलं. दोन वर्षांनी पहिल्यांदाच विचारून बघावं, असा आवाज.

त्याने भिंग खाली ठेवलं. मीच सांगितलं, अकराव्या प्रकरणासकट. म्हातारी ऐकत राहिली. मग काच मांडीवर ठेवून म्हणाली, "असलं लिहिलंय त्यात? अगं, मला सासूबाईंनी दिलं ते मी गादीखाली सारलं. तिला दिलं तेव्हा म्हटलं होतं, ठेव, घरातली वस्तू आहे, वाचायची सक्ती नाही." ती त्याच्याकडे वळली. "आणि तू माझ्यावर त्यासाठी... एकदा विचारायचंस तरी, राजा."

तो उठून आईजवळ जाऊन बसला. तिच्या मांडीवरची काच उचलून पुसायला लागला. पुसतच राहिला.

"मग ती बोलली का नाही?" त्याने कुणाकडेच न बघता विचारलं.

"ते या पुस्तकात नाही," मी म्हणाले. "पण ती वाचत होती ते हसण्याचं प्रकरण. पान बघा. चहा सांडलाय त्यावर. माझ्या मते... हसतानाच सांडला असेल."

त्याने ते पान काढलं. डागावर बोट ठेवलं. "तोंडासमोर पुस्तक धरून खांदे हलायचे तिचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, पाठ करतेय."

आई रडता रडता हसली. मी हळूच बाहेर पडले. तिथे माझं काही काम उरलं नव्हतं.

पंधरा दिवस तो आला नाही. मी दार उघडं ठेवून शिवायला बसायचे. काका पानांवर वजनं ठेवत फिरायचे.

सोळाव्या दिवशी तो दारात उभा होता. हातात चष्म्याचं घर.

"नंबर न तपासता केलाय. अंदाजाने. टेबलाखाली बघितलं होतं तेवढ्यावर." तो आत आला, दार लावलं. "लावून बघा."

मी लावला. सुईचं नेढं, कपाटावरची धूळ, आणि त्याच्या डोळ्यांखालची जागरणं... सगळं एकदम जवळ आलं.

"त्या दिवशी मी कटर का लावला माहितेय?" मी म्हणाले. "पुढची पानं वाचायला तुम्ही याल म्हणून."

त्याने चष्म्याचं रिकामं घर मिटवून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मला एकच गोष्ट हवी आहे. बाकी चाल कशीही चाल, पावलं वाजव, दात काढून हस. पण काही दुखलं तर... सांगशील?"

मी मान वर केली. कानाकडे नाही, डोळ्यांत बघितलं.

"पाच महिने डोकं दुखतंय," मी म्हणाले. "वाकून वाकून पाठ दुखते. अंगठ्यात सुई गेली होती, तो ठणकतो. आणि हे पंधरा दिवस तुम्ही आला नाहीत, तेव्हा इथे... इथे फार दुखलं."

त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि माझा अंगठा हातात घेतला. दोन बोटांनी, कडेला धरून.

"अजून?" तो म्हणाला. "सगळं सांग. मला घाई नाही."