डावीकडून झिजलेले टायर

"मॅडम, टायर एकाच बाजूने का झिजतात?"

हा प्रश्न शर्वरीला पडलेला नव्हता. मैथिली आणि झोया यांनी तिच्याशी पैज लावली होती. चक्रशाळेच्या, म्हणजे वस्तीच्या टायर कार्यशाळेच्या, सहलीत तिने अख्ख्या नववीसमोर स्वतःच्या आईला 'मॅडम' म्हणून काहीतरी विचारायचं, तेही न हसता. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलाही जेमतेम तोंड उघडणारी शर्वरी हल्ली एकही पैज सोडत नव्हती. समोर दूरवस्तीला जाताना डावीकडून झिजलेले जुने टायर टांगलेले होते, म्हणून तिने टायरचं विचारलं, इतकंच.

मंगळाच्या खडकाखाली वसलेल्या मूळवस्तीत टायर निवडण्याचं काम डॉ. वासंती दाभाडे यांचं, म्हणजे शर्वरीच्या आईचं होतं. दूरवस्तीच्या पाणीखाणीकडे एकच बोगदा जायचा, दिवसभराच्या प्रवासाचा. त्यात फक्त मोटरसायकलींना परवानगी होती. मऊ रबर जमिनीला घट्ट धरायचं पण लवकर संपायचं. कडक रबर टिकायचं, पण घसरायचं. कोणतंही निवडलं तरी एक जोडी कशीबशी एका बाजूच्या खेपेला पुरायची, आणि मंगळावर रबर म्हणजे सोनं. त्यामुळे नुसत्या भेटीगाठींसाठी टायर मिळत नसत. शर्वरीची मोठी बहीण रेवा खाणीवर गेली ती गेलीच. भेटीची परवानगी मागितली की चक्रशाळेतून नकार यायचा. तो द्यायचा आईनेच.

"कारण बोगद्याची जमीन डावीकडे उतरती आहे, दाभाडे," आईही न हसता म्हणाली. "पाणी वाहून जावं म्हणून. येताना तोच उतार उजवीकडे येतो, म्हणून परतीचे टायर उजवीकडून झिजतात."

'दाभाडे' ऐकून वर्ग खिदळला. शर्वरी पैज जिंकली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर तिने पोळपाटावर पीठ भुरभुरवलं आणि उजव्या कडेखाली लाटणं सरकवलं. झाला डावीकडे उतार. पिंपाच्या झाकणाचं जाड, गोलसर रबरी कडं काढून तिने ते मोटरसायकलच्या चाकासारखं ताठ धरलं आणि समोर फिरवलं. पीठ लागलं कड्याच्या उजव्या बाजूला. पुन्हा केलं, पुन्हा उजवीकडेच. बरोबरच होतं. ताठ चाक उतरत्या जमिनीला टेकतं ते उंच बाजूने. म्हणजे उताराने टायरची उजवी बाजू झिजायला हवी होती, आणि चक्रशाळेतले टायर तर डावीकडून झिजले होते!

तिने लाटणं काढून पोळपाट सपाट केला, कडं डावीकडे कलतं धरलं आणि सोडलं. या वेळी पीठ डाव्या बाजूला लागलं. आणि कडं सरळ न जाता डावीकडे वळत वळत डब्याला जाऊन धडकलं.

जेवताना तिने हे सगळं आईबाबांना करून दाखवलं. आईने जेवण अर्धवट टाकून हात धुतले, कडं मागून घेतलं आणि स्वतः फिरवून पाहिलं. उताराचं तिला बाबांनी सांगितलं होतं. बोगदा बाबांनीच आखलेला, तेव्हा तिला कधी शंका आली नव्हती.

"दुचाकी कलते ती वळताना," ती हळूच म्हणाली. "आणि वर बसलेल्याला मात्र सरळच चाललोय असं वाटतं, कारण तोही तिच्याबरोबर कलतो. त्यात त्या धुळीत दिव्याच्या उजेडात चार हातांपलीकडचं दिसत नाही."

"आणि चारचाकीत?"

"चारचाकी कलत नाही. आतला माणूस एका बाजूला सरकतो. लगेच कळलं असतं." आईने बाबांकडे पाहिलं. "म्हणून फक्त मोटरसायकली?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सगळे चालक म्हणतात, जाताना रस्ता हलका उताराचा आहे," शर्वरी म्हणाली. "दिवसभर डावीकडे वळायचं आणि दिवसभर खाली जायचं. बाबा, याला गोल जिना म्हणतात ना?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी सगळे एकाच छताखाली राहत होते, आणि माणसं वेडीपिशी व्हायला लागली होती. दार उघडून जायला दुसरं कुठलं ठिकाणच नव्हतं. खणता येईल असा खडक मात्र एवढाच होता.

"लांब कुठेतरी एक गाव आहे, एवढं माहीत असलं तरी माणसाला कोंडल्यासारखं वाटत नाही," ते म्हणाले. "म्हणून आम्ही अंतर गुंडाळलं."

"किती खाली आहे दूरवस्ती?" आईने विचारलं.

"एका विहिरीएवढं. हवेसाठी मध्ये माणूस मावेल एवढी एक उभी नळी ठेवली आहे."

"दर वेळी मी भेटीला नाही म्हटलं," आई म्हणाली. "माझ्या तोंडाने."

स्वयंपाकघराची जमीन रोज या वेळी गुणगुणायची. बाबा म्हणायचे, पंप आहे. आताही ती गुणगुणत होती. शर्वरी खाली बसली आणि फरशीवर तळवा टेकवून तिने ती थरथर नीट ऐकली. खाणीतली छिद्रणयंत्रं. त्यांतलं एखादं रेवाताईच्या हातात असणार. एवढे दिवस तिघं वर जेवायला बसायची, तेव्हा चौथी त्यांच्याच पायांखाली काम करत असायची.

ती उठली, लाटणं जागेवर ठेवलं आणि आईबाबांसमोर उभी राहिली.

"मी ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "टायर नकोत. शिडी द्या."