गढूळ पाण्यातली प्रवाळं

सातव्या टाकीतलं पाणी अकरा दिवस चौतीस अंशांवर होतं आणि आतलं एकही प्रवाळ पांढरं पडलं नव्हतं.

सागरजीव प्रयोगशाळेचे संचालक डॉ. हेरंब दातार यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि काचेला जवळजवळ नाक लावलं. “तापमापी बिघडला नाही ना?”

“तीन लावलेत, सर. तिन्ही तेच सांगतात,” डॉ. शाल्मली कुबल म्हणाली.

आतले तुकडे दिसायला सुमारच होते. मातकट, खडबडीत. प्रयोगशाळा बघायला येणारे पाहुणे त्यांना सरळ गोवऱ्या म्हणत. शाल्मलीला ते झोंबायचं. मालवणजवळच्या ज्या खडकांवर हे तुकडे वाढले, तिथेच ती लहानपणी आईबरोबर कालवं काढायला जायची.

“मला नीट समजावून सांग,” दातार म्हणाले. “प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न करून घालतं. पाणी तापलं की तो ते शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. मग हे का मरत नाहीत?”

“कारण ते खडकातल्या कुंडांत राहतात. ओहोटीला कुंडात पाणी अडकतं आणि दुपारी छत्तीस अंशांवर जातं. भरती आली की निवतं. हा चटका त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय. त्यामुळे त्यांच्या पेशींतली काही जनुकं कायम जागी राहतात आणि ते जागेपण पिल्लांनाही मिळतं. मी त्याला तपस्मृती म्हणते.”

“म्हणजे राहत्या जागेची आठवण अंगात मुरते आणि वारशाने पुढे जाते.”

“अगदी तसंच.”

दातारांनी चष्मा खाली घेतला. “मोतीद्वीपला लाव. एप्रिलमध्ये तिथला समुद्र तेहतीस अंशांवर जाणार, असा अंदाज आहे.”

मोतीद्वीप दक्षिणेकडे, पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच. सभोवतालची प्रवाळभिंत लाटा अडवायची म्हणून बेट टिकून होतं. दोन उन्हाळ्यांत ती भिंत निम्मी मेली होती. आणखी एक उन्हाळा गेला, तर चार हजार माणसांना घरं सोडावी लागणार होती.

जानेवारीत सहा हजार तुकडे लावले गेले. बेटाची मुखिया सैनबी स्वतः गळाभर पाण्यात उभी राहून टोपल्या पुढे देत होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला. “बाई, तुमची प्रवाळं पांढरी पडताहेत.”

तेव्हा पाणी होतं फक्त अठ्ठावीस अंश. उन्हाळा अजून उजाडायचाच होता.

शाल्मली तिसऱ्या दिवशी बेटावर पोचली आणि तडक पाण्यात उतरली. पंधरा मीटर खोलीवरची वाळू कणन्‌कण दिसत होती. तुकड्यांचे माथे पांढरेफटक झाले होते. ती खिन्न मनाने धक्क्याकडे पोहत आली आणि थबकली. धक्क्याच्या सावलीत लावलेले चाळीसेक तुकडे तसेच तपकिरी होते. धडधाकट.

तिने डोकं पाण्याबाहेर काढलं. मालवणच्या गढूळ पाण्यात आपल्याला आपलाच हात दिसत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. म्हणजे कळलेलं होतंच, पण त्याचा अर्थ आत्ता लागला.

“चूक माझी आहे, सर,” तिने फोनवर सांगितलं. “मी त्यांचा एकच गुण मोजला, उष्णतेचा. पण त्यांनी जुळवून घेतलंय ते अख्ख्या जागेशी. आपलं गढूळ पाणी त्यांची छत्री होती. इथलं ऊन त्यांच्या शेवाळाला सोसत नाही.”

“मग गाळ ओतणार तिथे?”

“नाही. सावली देणार. आणि हळूहळू काढून घेणार.”

सैनबीने बेटावरची बारीक विणीची सगळी जाळी जमवली. बायकांनी ती चार पदरी शिवली आणि पिंपांना बांधून तुकड्यांच्या वर तरंगत सोडली. एप्रिल आला. पाणी तेहतीस अंशांवर गेलं. बेटाची जुनी प्रवाळं एकामागून एक पांढरी पडली; जाळ्यांखाली तगलेले साडेचार हजार तुकडे तसूभरही बदलले नाहीत. दातार ते बघायला मुद्दाम आले. पाण्याबाहेर येताच म्हणाले, “शाल्मली, गोवऱ्या म्हणणाऱ्यांना इथे आणलं पाहिजे.”

दर पावसाळ्यानंतर जाळीचा एक पदर निघाला. चौथ्या वर्षी प्रवाळांना पिल्लं झाली. सहाव्या वर्षी त्या पिल्लांवर एकही जाळं नव्हतं आणि लाटा पुन्हा भिंतीवर फुटू लागल्या होत्या. घरं सोडण्याचा आदेश मागे घेतला गेला.

त्याच वर्षी मालवणची काही कुंडं भराव पडून बुजली. दातारांनी सुचवलं, बेटावर जन्मलेली प्रवाळं परत आणून इथे लावू. मूळ इथलीच तर आहेत. वीस तुकडे आले. शाल्मलीने ते मालवणच्या पाण्याच्या टाकीत ठेवले.

आईबापांच्या अंगावर गाळ बसला की ते चिकट स्राव सोडून तो झटकून टाकत. या तुकड्यांवर गाळ बसला तो बसलाच. अंधूक उजेडात त्यांचं शेवाळ उपाशी पडू लागलं. नवव्या दिवशी तेरा तुकडे मेलेले होते.

“प्रयोग फसला, असंच लिहावं लागेल,” दातार हळहळले.

“उलट, सर, प्रयोग सिद्ध झाला. राहत्या जागेची आठवण अंगात मुरते. यांच्या अंगात मालवण उरलंच नाही.” बोलताना तिची मान ताठ होती. उरलेले सात तुकडे तिने स्वच्छ पाण्यात हलवले.

दुपारी सैनबीचा फोन आला. तिला बातमी लागली होती आणि ती चांगलीच तापलेली होती.

“ते सगळं खरं, बाई,” शाल्मलीचं बोलणं तोडत ती म्हणाली. “पण आमची प्रवाळं परत कधी पाठवताय?”

शाल्मलीने उद्याच्या विमानाची वेळ सांगितली.